खाडीत बांध, भराव, बार्ज... आणि तळात राहणारे जीव

मांडवीकाठ (धागाकर्ती)

खाडीवर पूल होणार, जेटी होणार, भराव पडणार अशी बातमी आली की आपण कांदळवनाबद्दल बोलतो, मासळीबद्दल बोलतो, पुराचं पाणी कुठे शिरेल यावर वाद घालतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. नकाशावर ती मोकळी जागा असते आणि आपल्या मनातही मोकळीच असते. मी समुद्री जीवशास्त्र शिकले, गोव्यात राहते, आणि या चिखलाची मला फार काळजी वाटते. म्हणून हा धागा.

आधी तिथे राहतं कोण ते सांगते. तिसऱ्या, खुबे, कालवं या शिंपल्या आणि चिंबोऱ्या हे खेकडे सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण त्या आपल्या ताटात येतात. पण तळातली बहुतेक वस्ती कधी नजरेला पडत नाही. तळाचा चिखल ग्रॅबने, म्हणजे लोखंडी पंजाने, उचलायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा आणि वर काय उरतं ते पाहायचं. पॉलिकीट नावाचे वलयी किडे असतात, त्यातले काही चिखलाच्या नळ्या बांधून राहतात. तांदळाच्या दाण्याएवढे अँफिपॉड असतात, बारीक शंख आणि बोटाच्या नखापेक्षा लहान शिंपल्यांची पिल्लं असतात. चाळणीतून खाली गळून गेलेल्या पाण्यात त्याहून बारीक सूत्रकृमींची वेगळीच दुनिया असते. निवटी (चिखलावर सरपटणारा मासा), खेकडे, कोळंबी, चिखलात चरणारे पक्षी, तळाशी चरणारे मासे, सगळ्यांचं पोट यांच्यावर.

हे जीव कामही करतात. खाडीच्या चिखलात वरचा थोडा थर सोडला की खाली प्राणवायू नसतो. काळा गाळ, कुजक्या अंड्यांचा वास. या किड्याखेकड्यांची बिळं पाणी खाली नेतात, गाळ उलथतात, त्यामुळे प्राणवायू जरा खोलवर पोचतो आणि कुजलेला माल पुन्हा चक्रात येतो. बिळं गेली की काळा थर वर सरकतो.

पण हे जीव पळू शकत नाहीत. पाणी बिघडलं तर मासा दुसरीकडे जातो. शिंपली जिथे रुजली तिथेच जगते किंवा मरते. त्यामुळे माणसाने खाडीत केलेल्या कामाचा परिणाम सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट तळात दिसतो.

आमच्या गोव्याचंच घ्या. मांडवी आणि जुवारी, मधून दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती साधारण सव्वादोन मीटरची, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) त्याच्या निम्मीही नाही, पण ती आत पन्नासेक किलोमीटरपर्यंत जाते. या पाण्यात माणसाचा हात जुना आहे. खाजनांचे, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या खाडीकाठच्या शेतांचे, बांध शतकानुशतकांचे. पणजी-रायबंदर रस्ता म्हणजे १६३४ मध्ये खाडीकाठच्या पाणथळीतून घातलेला तीनेक किलोमीटरचा बांधच. तरीही तिसऱ्या होत्या, खुबे होते.

मग लोहखनिज आलं. खाणी डोंगरात, बंदर मुरगावला, आणि मधली सगळी वाहतूक या दोन नद्यांतून बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांनी. पावसात खाणींच्या ढिगाऱ्यांवरून लाल गाळ वाहून यायचा, बार्ज भरताना-रिकामे करताना माल पाण्यात सांडायचा. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी १९८६ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. दशकभरात शिंपल्यांचं उत्पादन ७० टक्क्यांहून जास्त घटलं, खनिजाच्या गाळाने तळ झाकला गेला, पाण्यातला प्राणवायू घटला आणि मूळची तळवस्ती जवळजवळ नाहीशी झाली, असं त्यांनी नोंदवलं. तिच्या जागी आले ते नळ्या बांधणारे पॉलिकीट आणि तसेच संधी साधून शिरणारे थोडे जीव.

हा बदल विषाने झाला नाही हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. लोहखनिजाची माती तशी विषारी नव्हे. पण ती बारीक असते आणि सतत पडत राहते. तिसरी पाणी गाळून खाते. गाळणीत नुसतीच माती आली तर ती शिंपले मिटून बसते, उपाशी राहते, श्वासही कमी घेते. पिल्लांना रुजायला रेतीचा कण लागतो, त्यावर साय चढली की पिल्लू बसतच नाही. मोठ्या शिंपल्या काही वर्षं तग धरतात, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. नवी पिढी आलेली नसते, हे नंतर कळतं.

माझं म्हणणं एवढंच की खाडीतल्या प्रत्येक बांधकामाला दोन गोष्टी विचाराव्यात. भरती-ओहोटी आधीसारखी आत-बाहेर होणार का? आणि तळावर आता कुठला कण पडणार? बाकीचे प्रश्न त्यानंतर.

तुमच्या खाडीत काय पाहिलंत ते लिहा. आठवणी, माहिती, विरोधी मतं, सगळं चालेल.

---

अबोली_२१

वाचनखूण साठवली. खुबे आणि तिसऱ्या यांच्यात फरक काय? माझी आजी दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करायची, एकत्र कधीच नाही.

---

मांडवीकाठ

अबोली, खुबे म्हणजे काळसर, जाड कवचाचे, विलोरिटा जातीचे. ते खाडीच्या आतल्या भागात, गोडसर पाण्याकडे वाढतात. तिसऱ्या म्हणजे मेरेट्रिक्स किंवा पाफिया, त्यांना जास्त खारं पाणी आणि रेती लागते, म्हणून त्या मुखाकडे. आजी वेगळ्या दिवशी करायच्या कारण बहुधा बाजारात त्या वेगवेगळ्या जागांहून येत असाव्यात. कुठला जीव कुठे मिळतो यावरून खाडीचं पाणी कुठवर खारं आहे हे कळतं.

---

खारेपाटकर

ताई, खाजनांचे बांध असूनही जीव टिकले असं तुम्ही म्हणता, त्याला आमच्या पेण-अलिबागकडून दुजोरा देतो. आमच्याकडे खारबंदिस्ती आहे. खाऱ्या पाण्याला अडवायला बांध, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर काढायला उघाडी. पूर्वी लाकडी झडपेची उघाडी असायची. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडायची, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटायची. बांधाची देखभाल गाव करायचं. बांधाच्या आत मातीचे खड्डे, तळी असायची, त्यात जिताडा मासा वाढायचा. बांधाच्या बाहेर चिखल तसाच. आमच्या घरच्या बायका ओहोटीला तिथूनच निवट्या आणि कालवं आणायच्या.

आता दोन प्रकार दिसतात. एक, देखभाल नाही म्हणून बांधाला खांडी पडतात, खारं पाणी शेतात शिरतं, शेत नापीक होतं आणि काही वर्षांत तिथे कांदळ उगवतं. दुसरं, खाडीत मोठी जहाजं यावीत म्हणून तळ उकरतात. उकरलेल्या जागी पुढच्या पावसात पुन्हा गाळ, पुन्हा उकरा. बाहेरच्या चिखलात पूर्वीसारखं काही मिळत नाही असं बायका सांगतात. त्यांच्याकडे आकडे नाहीत, पण त्या तिथे रोज उतरणाऱ्या आहेत.

---

मांडवीकाठ

खारेपाटकर दादा, फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडच्या उघाडीला मानस म्हणतात, तत्त्व तेच. खाजनात मानशीतून भरतीचं थोडं पाणी आतल्या पोंयीत, म्हणजे तळ्यात, घेतात, मग सोडतात. त्या पाण्याबरोबर कोळंबी, मासळी आणि तळजीवांची पिल्लं आत येतात. म्हणजे बांध आहे, पण खाडीचा श्वास चालू आहे. त्यातही किनाऱ्याच्या वरच्या अंगाचा चिखल शेतात गेला, तेवढी वस्ती गेली, हे खरंच. पण उरलेल्या खाडीत भरती-ओहोटी तशीच राहिली, म्हणून तिथले जीव तगले.

पुन्हा-पुन्हा उकरण्याबद्दल. एकदा तळ उकरला की पहिले काही महिने झटपट वाढणारे छोटे पॉलिकीट येतात. ते महिन्या-दोन महिन्यांत प्रजा वाढवतात. शिंपल्या, खोल बिळं करणारे खेकडे, मोठे किडे यांना वर्षं लागतात. दरवर्षी उकरलं तर ती वर्षं त्यांना कधी मिळतच नाहीत, आणि तळ कायम पहिल्या पायरीवर राहतो. बायकांना जे जाणवतंय ते हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

---

पायाभरणी

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक शंका आहे. मी किनारी बांधकामात काम केलंय. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत तुमची मांडवी वरपासून बरीच खालपर्यंत गोडी होते. मग तळातले खाऱ्या पाण्यातले जीव तसेही मरत असणार. निसर्गच दरवर्षी तळ साफ करतो, तर बांधकामाने फरक पडला हे ओळखायचं कसं? पर्यावरण अहवालांत 'प्रकल्पाआधी जीव कमी होते, नंतरही कमी आहेत' असं लिहिलेलं मी वाचलंय, आणि ते खोटं नसतं.

---

मांडवीकाठ

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि याच प्रश्नावर या विषयात सगळ्यात जास्त वाद झालाय. थोडं सविस्तर लिहिते.

खाडी ही मुळातच कठीण जागा. दिवसातून दोनदा पाण्याचा खारेपणा बदलतो, पावसाळ्यात तो जवळजवळ शून्यावर येतो, गाळ हलतो, प्राणवायू कमी-जास्त होतो. इथे टिकणाऱ्या जाती मोजक्याच, पण ज्या टिकतात त्या प्रचंड संख्येने. आता गंमत बघा, प्रदूषित जागेचं लक्षणही हेच, जाती कमी आणि उरलेल्यांची संख्या जास्त. इलियट आणि क्विंटिनो यांनी २००७ मध्ये हा पेच नीट मांडला. जातींची विविधता मोजून समुद्र ओळखता येतो, खाडी ओळखायला ते माप अपुरं पडतं.

मग ओळखायचं कसं? आमच्याकडे पावसाळ्यात तळवस्ती कोसळते हे खरं. पण ऑक्टोबरपासून ती पुन्हा भरते. समुद्रातून आणि खाडीच्या कमी गोड्या झालेल्या कोपऱ्यांतून पिल्लं येतात, रुजतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत तळ पुन्हा गजबजतो. बघायचं ते हे परतणं. निरोगी खाडीत दर वर्षी ते होतं. बिघडलेल्या खाडीत पावसाळा संपतो, पाणी खारं होतं, पण माणसं परतली नाहीत अशा गावासारखा तळ रिकामा राहतो, किंवा फक्त एक-दोन जातींचे किडे येतात.

म्हणून जुलैत एकदा ग्रॅब टाकून 'जीव कमी आहेत' लिहिणं निरुपयोगी आहे. पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा, आणि किमान काही वर्षं ओळीने नमुने हवेत. शिवाय शिंपल्यांचं वय बघावं. कवचावरून आणि आकारावरून साधारण अंदाज येतो. सगळ्या मोठ्याच सापडल्या, पिल्लं एकही नाही, तर संख्या चांगली दिसत असली तरी ती वस्ती संपत आलेली असते.

---

पायाभरणी

हे पटलं. वयाचा मुद्दा मला माहीत नव्हता. मग बांधकाम करणाऱ्याने कमी नुकसान करायला काय करावं? पूल तर लागतातच.

---

मांडवीकाठ

पूल लागतात, त्याबद्दल वाद नाही. खांबांवरचा पूल आणि भरावावरचा रस्ता यात मात्र फार मोठा फरक आहे. खांबांमध्ये पाणी वाहतं. खांबाभोवती तळ खरवडला जातो, तिथे कठीण पृष्ठभागावर बार्नेकल (चिकटून राहणारे छोटे कवचधारी), कालवं चढतात, मूळचे चिखलातले जीव तेवढ्यापुरते जातात. भराव घालून त्यात चार मोऱ्या ठेवल्या तर मोऱ्यांपलीकडची सगळी खाडी बदलते. भरती उशिरा येते, कमी उंच येते, पाणी साचतं, गाळ बसतो. मोरी ठेवायचीच तर तिचा उंबरठा ओहोटीच्या पाण्याच्याही खाली हवा. बरेचदा तो वर असतो, मग शेवटचं पाणी कधी बाहेर जातच नाही आणि तळ कुजतो.

दुसरं, काठाला उभी काँक्रीटची भिंत. भिंत बांधली की उथळ उतार जातो, आणि ओहोटीला उघडा पडणारा पट्टा अरुंद होतो. समुद्राची पातळी वाढतेय, पण भिंतीमुळे चिखलाला मागे सरकायला जागा नाही.

आणि वेळ. उकरायचं काम पावसाळा संपल्यासंपल्या करू नये. तेव्हाच पिल्लं रुजत असतात.

---

झीलंडकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो, नैऋत्येला, जिथे त्रिभुज प्रदेशातले ते प्रसिद्ध बांध आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, भरती-ओहोटी चालू राहणार का याचं, उत्तर इथे डोळ्यांसमोर आहे.

१९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पुरात इथे १८३६ माणसं गेली. त्यानंतर खाड्यांची तोंडं एकेक करून बंद करायचं ठरलं. खेवेलिंगन नावाची खाडी १९७१ मध्ये बंद झाली. एका दिवसात भरती-ओहोटी थांबली. जो पट्टा रोज दोनदा उघडा पडायचा, त्यातला काही कायमचा कोरडा पडला, काही कायमचा पाण्याखाली गेला. दोन्हीकडचे जीव मेले. पुढे १९७८ मध्ये बांधात दार ठेवून समुद्राचं पाणी थोडंथोडं आत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा खारे जीव परत आले. पण भरती-ओहोटी नसल्याने उन्हाळ्यात खोल भागात पाणी थरांत साचतं, खालचा थर प्राणवायूविना राहतो, तळ पांढऱ्या जिवाणूंच्या सायीने झाकला जातो. इतक्या वर्षांनी आता भरती पुन्हा आत घ्यायची चर्चा आहे.

शेजारची ऑस्टरस्केल्ड खाडीही बंदच करणार होते. पण तिथले कालवं-शिंपले काढणारे कोळी आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर आले, आणि सरकारने आराखडा बदलला. १९८६ मध्ये जे उभं राहिलं त्यात ६२ पोलादी दरवाजे आहेत, एरवी उघडे, वादळात बंद. भरती चालू राहिली, कालवं राहिली.

तरी एक दुखणं राहिलंच. दरवाज्यांमुळे आत येणारं पाणी कमी झालं, प्रवाह मंदावला. जुने खोल मार्ग आता त्या प्रवाहाला मोठे पडतात. वादळात चिखलपट्ट्यांवरची रेती निघून त्या मार्गात जाते, पण ती परत वर टाकायला प्रवाहात जोर नाही. इथले लोक याला रेतीची भूक म्हणतात. पट्टे दरवर्षी थोडे खचतात, पाण्याखाली राहण्याचा त्यांचा वेळ वाढतो, आणि तिथे चरणाऱ्या पक्ष्यांना खायला वेळ कमी मिळतो. रोगनप्लाट नावाच्या एका पट्ट्यावर २०१९-२० मध्ये बाहेरून रेती आणून टाकली. त्या रेतीखाली आधीचे जीव गाडले गेले, आता नवी वस्ती जमायची वाट पाहायची. खर्च प्रचंड, आणि हे पुन्हा-पुन्हा करावं लागणार.

---

खारेपाटकर

म्हणजे तिथे कोळ्यांनी आराखडा बदलून घेतला. हे वाचून बरं वाटलं.

---

समीर_एर्नाकुलम

मी नोकरीनिमित्त केरळात आहे. इथल्या वेंबनाड सरोवरात तण्णीरमुक्कम बंधारा आहे. कुट्टनाडमधली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, तिथे उन्हाळ्यात खारं पाणी येऊ नये म्हणून १९७६ पासून डिसेंबरच्या सुमारास दरवाजे बंद करतात आणि एप्रिल-मेच्या सुमारास उघडतात. शेतकऱ्यांना तो हवा आहे, आणि त्यांची गरज खरी आहे. पण बंधाऱ्याच्या दक्षिणेला पाणी महिनोन् महिने गोडं आणि साचलेलं राहतं. इथला काळा शिंपला म्हणजे तुमचे खुबेच. गोड्या पाण्यात तो जगतो, पण त्याला अंडी घालायला आणि पिल्लं वाढायला थोडा खारेपणा लागतो. तो नेमका त्याच काळात अडवला जातो. आता खुब्यांचं पीक बंधाऱ्याच्या उत्तरेकडेच जास्त मिळतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पिल्लं गोळा करून दुसरीकडे पेरण्याचे प्रयोग केले आहेत.

खुबे काढणारे आणि भात लावणारे यांचं दरवर्षी दरवाज्यांच्या तारखेवरून भांडण असतं. तारीख दहा दिवस इकडे-तिकडे झाली तरी दोघांपैकी एकाचं वर्ष जातं.

---

मांडवीकाठ

समीर, नेमकं उदाहरण दिलंत. जगणं आणि पुढची पिढी वाढवणं यांना लागणारं पाणी वेगळं असतं. नुसतं 'जीव जिवंत आहेत' हे पाहिलं की फसगत होते.

झीलंडकर, तुमच्या खेवेलिंगनसारखंच जपानच्या इसाहाया खाडीत झालं. १४ एप्रिल १९९७ रोजी २९३ पोलादी पत्रे एकापाठोपाठ पाण्यात सोडून ३५५० हेक्टर खाडी काही क्षणांत समुद्रापासून तोडली. चिखलातल्या निवट्या, शिंपल्या उन्हात वाळून मेल्या. बाहेरच्या आरिआके समुद्रातलं मोठ्या पंख्यासारख्या शिंपल्यांचं पीकही पुढे कोसळलं, आणि मासेमार कोर्टात गेले. २०१० मध्ये फुकुओकाच्या उच्च न्यायालयाने दरवाजे उघडायचा आदेश दिला, पण आतल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, ते उघडले नाहीत, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंद ठेवण्याच्या बाजूने विषय संपवला. एकदा आत शेत झालं की दार उघडणं किती अवघड होतं, ते यावरून कळतं. वेंबनाडच्या दरवाज्यांच्या तारखेवर निदान अजून बोलता येतं.

---

वाशिष्ठीचा_काठ

चिपळूणहून लिहितेय. बांध, भराव याबद्दल बोलणं झालं. आमच्याकडे उलट आहे, पाणी वाढलंय. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि तेही बारमाही, उन्हाळ्यातसुद्धा. आमची आजी सांगायची की पूर्वी मे महिन्यात खारं पाणी आतल्या गावांपर्यंत यायचं. याचा तळावर काय परिणाम होत असेल?

---

मांडवीकाठ

फार चांगला प्रश्न, आणि यावर फारसं बोललं जात नाही. धरणामुळे खाडीत येणारं गोडं पाणी कमी होतं असं सगळीकडचं गाऱ्हाणं असतं. वाशिष्ठीत डोंगरापलीकडच्या नदीचं पाणी बारमाही येतं.

सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या छोट्या नद्यांच्या खाड्या उन्हाळ्यात जवळजवळ समुद्राच्याच होतात, कारण वरून पाणी नसतं. त्या सात-आठ महिन्यांत खारे जीव आतवर घरं करतात. तिथे वर्षभर गोडं पाणी आलं की खारेपणाचा पट्टा मुखाकडे सरकतो. तिसऱ्यांसारख्या जीवांची जागा आक्रसते, खुब्यांसारख्यांची वाढू शकते. मधला कमी खारा पट्टा, हजार भागांत पाच ते आठ भाग क्षार असलेला, जातींच्या दृष्टीने सगळ्यात गरीब असतो. तिथे गोड्या पाण्याचे जीव टिकत नाहीत आणि समुद्राचेही नाहीत. रेमाने या जर्मन शास्त्रज्ञाने बाल्टिक समुद्रात १९३४ मध्ये हे दाखवलं. तो पट्टा एका जागी स्थिरावला तर तिथला तळ कायम विरळ राहतो. शिवाय वीजनिर्मिती कमी-जास्त झाली की अवजलही कमी-जास्त होतं, म्हणजे पट्टा ऋतूप्रमाणे न सरकता विजेच्या मागणीप्रमाणे सरकतो. तळजीवांची पिढीजात घड्याळं पावसाच्या चक्रावर लागलेली आहेत.

आजींची आठवण कुठेतरी लिहून ठेवा. कुठल्या गावापर्यंत कुठल्या महिन्यात कोणती शिंपली मिळायची, एवढं जरी नोंदवलंत तरी तो पुरावा आहे.

---

वाशिष्ठीचा_काठ

लिहिते. आईला आणि मावशीलाही विचारते, त्यांना जास्त गावांची नावं माहीत आहेत.

---

केतकी_ठाणे

आमच्या ठाणे खाडीत मात्र दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं. म्हणजे इथला तळ चांगला आहे असं समजायचं का? एवढी नाल्यांची घाण जात असून?

---

मांडवीकाठ

केतकी, पक्षी येतात कारण खायला भरपूर आहे, हे नक्की. छोटा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो, मोठा रोहित चिखलातले किडे आणि लहान कवचधारी. दोन्हींचं खाणं वाढायला सांडपाण्यातलं खत कारणीभूत असतं.

पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये मांडलेला क्रम इथे लागू होतो. तळात सेंद्रिय माल वाढत गेला की आधी सगळ्यांनाच जास्त खाणं मिळतं. मग संवेदनशील जाती जातात आणि छोट्या, घाण सोसणाऱ्या पॉलिकीटांची संख्या अफाट वाढते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्राणवायू संपतो आणि काहीच उरत नाही. रोहित दिसतात तो काळ मधला असू शकतो. तिथून खाडी मागेही जाऊ शकते आणि पुढेही.

ठाणे खाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती वरच्या टोकाला जवळजवळ बंद आहे. उल्हास खाडीशी जोडणारा भाग अरुंद आणि उथळ. त्यामुळे ठाण्याजवळचं पाणी नीट धुतलं जात नाही, गाळ साठतो, आणि साठलेल्या गाळावर कांदळ पुढे सरकतं. कांदळवन वाढलं म्हणून आपण खूश होतो. पण उघडा चिखल घटतो, आणि रोहितांना चरायला उघडा चिखलच लागतो. कांदळ आणि चिखल, दोन्ही हवेत.

---

निवटी

शांतपणे वाचत होते, आता एक कामाचा प्रश्न. आमच्या खाडीकाठी भराव टाकायचा प्रस्ताव आहे. जनसुनावणी आहे. तिथे मी या सगळ्यातलं काय बोलू?

---

मांडवीकाठ

निवटी, हे नीट टिपून घ्या. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, २०११ च्याही आणि २०१९ च्याही, 'जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलमैदानं' सगळ्यात जास्त संरक्षणाच्या वर्गात आहेत, कांदळवनाच्या बरोबरीने. कांदळ उपग्रहातून दिसतं, म्हणून ते नकाशावर येतं. चिखल सक्रिय आहे की नाही हे उपग्रहातून कळत नाही, खाली उतरून चाळणी धरावी लागते. ते न करताच बहुतेक वेळा चिखल मोकळी जागा म्हणून दाखवला जातो.

तर सुनावणीत विचारा: तळजीवांचे नमुने कुठल्या महिन्यात घेतले? पावसाआधी आणि नंतर दोन्ही वेळा घेतले का? ओहोटीच्या पट्ट्यात किती ठिकाणी घेतले, की फक्त होडीतून मधल्या खोल पाण्यातच? चाळणी किती मिलिमीटरची? शिंपल्यांच्या पिल्लांची वेगळी नोंद आहे का? भरावानंतर पलीकडच्या पाण्याची भरतीची उंची किती राहील? उत्तरं लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आणि तुमच्या इथल्या ओहोटीला उतरणाऱ्या बायकांना सुनावणीला घेऊन जा. कोण काय, कुठे, कुठल्या महिन्यात काढतं हे त्यांनी सांगितलं की चिखल सक्रिय नाही असं म्हणणं कठीण जाईल.

---

पायाभरणी

यात एक भर घालतो. पाण्याच्या हालचालीचं संगणकी प्रारूप केलं आहे का, आणि ते उधाण व भांग दोन्हीसाठी चालवलं आहे का, हेही विचारा. बरेचदा फक्त उधाणाचं दाखवतात. साचण्याचा प्रश्न भांगाला येतो. अहवालाची प्रत मिळाली तर मला निरोप करा, ते प्रकरण मी वाचून देईन.

---

निवटी

दोघांचेही आभार. अहवालाची प्रत तहसील कार्यालयात बघायला ठेवली आहे, सोमवारी जाऊन पानांचे फोटो काढते आणि पाठवते. ओहोटी दुपारी आहे, त्याआधी आमच्या पाड्यावरच्या काकूंशीही बोलून येते.